मत्स्यकन्येचें चित्र आणि चित्रकाराची भ्रमंती

मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत मत्स्यकन्या आली, कीं तिचें रूप बहुधा आधींच ठरलेलें असतें: मोकळे पिंगट केस, हातीं शिंपला, बसावयास खडक, आणि कमरेखालीं कशीबशी चिकटविलेली हिरवी शेपटी. हें रूप परकें आहे, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. आमच्या मतें तो दोष गौण होय. मुख्य दोष हा, कीं चित्रकारानें ना स्त्री निरखलेली असते, ना मासा. पाहिलेलें असतें तें दुसऱ्या कोणाचें चित्र. सोलापूरसारख्या समुद्रापासून दूरच्या गांवीं तर मुलाची मत्स्यकन्येशीं पहिली भेट चित्रांतच होते. तें चित्र निर्जीव निघालें, तर मुलाच्या कल्पनेंतही ती निर्जीवच राहते.

असें काम हातीं आल्यावर गांवांतील कलावंतांच्या चित्रशाळा पाहून स्फूर्ति घ्यावी, ही रीत चांगली आहे. पण तेथून आणावें काय? भिंतीवर टांगलेली आकृति उचलून आणली, तर नक्कल एका घरून दुसऱ्या घरीं गेली, इतकेंच. आणावयाची ती त्या आकृतीमागची विचारपद्धति.

कोपनहेगनच्या किनाऱ्यावरील प्रसिद्ध पुतळा या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. आंडरसनची गोष्ट १८३७ सालची. एडवर्ड एरिक्सन या शिल्पकाराचा पुतळा १९१३ मध्यें उभा राहिला. चेहरा एलेन प्राइस या नर्तकीवरून घेतलेला, आणि देह शिल्पकाराच्या पत्नीवरून. काल्पनिक प्राण्यासाठीं त्यानें दोन हाडामांसाच्या स्त्रिया आधारास घेतल्या. शिवाय पाय मानवी ठेवून त्यांच्या टोकांशीं माशाचे पर दाखविले. गोष्टींतली नायिका पायांसाठीं शेपटी गमावते. तिचें सारें दुःख त्या एका जागीं एकवटलें आहे.

मनुष्य आणि मासा यांचा हा सांधा आपल्या कारागिरांनाही नवा नाहीं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांच्या १२० गोल पानांत मत्स्याचीं बारा पानें असतात. राजा आणि प्रधान वगळल्यास एका माशापासून दहा माशांपर्यंतचीं दहा. म्हणजे एका संचामागें पंचावन्न मासे चित्रकाराच्या हाताखालून जातात! मत्स्यावताराच्या आपल्याकडील चित्रांत पुष्कळदां चतुर्भुज देव माशाच्या उघड्या मुखांतून वर येतो. सांधा लपविण्याची धडपड तेथें नाहीं. माशाचें मुखच देवाचें कटिवस्त्र होतें.

सोलापुरांत तर आणखी एक चित्रशाळा आहे, जिला कोणी चित्रशाळा म्हणत नाहीं: जकार्ड चादरीची नक्षी आखणाऱ्याची खोली. तो चौकटींच्या कागदावर काम करतो. कोणता उभा धागा केव्हां उचलावयाचा, हें त्या चौकटी ठरवितात. त्याप्रमाणें पुठ्ठ्यांना छिद्रें पडतात. येथें वळणदार रेषाही पायऱ्यापायऱ्यांनीं चढते. प्रत्येक खवला काढतां येत नाहीं. म्हणून कोणता ठेवावा आणि कोणता गाळावा, हें त्याला कळावेंच लागतें. पुस्तकाच्या चित्रकारानें शिकावा तो हा संयम.

यानंतर मासळीबाजार चुकवूं नये. माशाच्या शेपटीचा पर उभा असतो आणि ती डावी-उजवीकडे हलते. पुष्कळ चित्रांतली मत्स्यकन्या मात्र देवमाशासारखा आडवा पर घेऊन पोहते. दोहोंपैकीं कोणताही स्वीकारावा. पण जाणून स्वीकारावा, कारण त्यावर तिच्या कमरेचा बांक अवलंबून आहे.

जी कोणी पाहिलीच नाहीं, तिच्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. घोड्याचें चित्र चुकलें, तर मूल रस्त्यावरचा घोडा पाहून चूक ओळखील. मत्स्यकन्येच्या बाबतींत त्याला चित्रकारावरच विसंबावें लागतें. म्हणूनच येथें त्याची जबाबदारी अधिक.