कर्ण्यासमोरचा निपर

‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकडीवरचा कुत्रा मराठी घरांनी पाहिला तो गरगर फिरताना. बालगंधर्वांचं पद सुरू झालं की तो दिसेनासा व्हायचा, तबकडी थांबली की पुन्हा प्रकटायचा. चित्रकार फ्रान्सिस बॅरॉडच्या मूळ तैलचित्रात मात्र तो बसलेला आहे आणि त्या बसण्यातच चित्राचा सारा जीव आहे. एका बाजूला पितळी कर्णा, समोर काळसर कानांचा पांढरा कुत्रा, खाली चकचकीत लाकूड. बस्स. माणूस नाही. मान किंचित कललेली, तोंड मिटलेलं, नाक थेट कर्ण्याच्या तोंडाशी.

लोकांना इथे स्वामिनिष्ठा दिसते. मला संशय दिसतो.

हा कुत्रा, निपर, १८८४मध्ये ब्रिस्टलला जन्मला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्यांना दात लावायची खोड, म्हणून हे नाव. उंदरांमागे धावण्यात तरबेज, रक्तात टेरिअर. टेरिअर ही जातच मुळी बिळातलं सावज हुसकण्यासाठी पोसलेली. आत काहीतरी हलतंय आणि ते बाहेर का येत नाही, हा प्रश्न पडलेला टेरिअर असाच बसतो. कर्णा हे निपरच्या लेखी बीळच. बॅरॉडने ‘कुत्रा’ नावाचा सद्गुण रंगवलेला नाही. एक विशिष्ट, चौकस, थोडासा भांडखोर कुत्रा रंगवला. लॅब्रॅडॉर असता तर कर्ण्याशेजारी झोपून गेला असता.

निपरचा पहिला मालक मार्क, फ्रान्सिसचा भाऊ. तो नाटकांचे पडदे रंगवायचा. १८८७मध्ये तो वारला आणि निपर फ्रान्सिसकडे आला. यावरून एक करुण आख्यायिका रचली गेली : यंत्रातून मेलेल्या मार्कचा आवाज येतो आहे आणि ते चकचकीत लाकूड म्हणजे त्याची शवपेटी आहे! डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट, पण तारखा तिला साथ देत नाहीत. मेणाच्या नळकांड्यावर आवाज उतरवणारा एडिसनचा सुधारित फोनोग्राफ आला १८८८मध्ये. तरीही चित्रात एक मरण आहेच. निपर १८९५मध्ये गेला आणि बॅरॉडने चित्र काढलं ते त्यानंतर. म्हणजे समोर नसलेल्या कुत्र्याची ती कललेली मान चित्रकाराच्या हाताला पाठ होती. सहवास म्हणतात तो हाच असावा.

याच कर्ण्यासमोर पोपट बसवून पाहा. चित्र कोसळतं. (आपल्याकडचा मिठू पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा कल्पनेतच बसवा.) पोपट कुठवर ऐकत बसेल? दोनचारदा ऐकून तो कर्ण्याची नक्कल करेल, घरातल्यांना हाका मारेल, धन्याचा खोकलासुद्धा हुबेहूब काढेल. त्याची सोबत प्रत्युत्तराची. आपला आवाज तो आपल्यालाच परत करतो, कधीकधी नको त्या पाहुण्यांसमोर. कुत्रा आपला आवाज ठेवून घेतो. त्याचं काय करतो ते कळत नाही, आणि चित्रकाराला नेमकं तेच न कळणं हवं होतं.

आता खरी गंमत. बॅरॉडने आधी रंगवला होता फोनोग्राफ, काळ्या कर्ण्याचा. चित्राला जरा झळाळी यावी म्हणून तो लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत पितळी कर्णा मागायला गेला. कंपनीने अट घातली : फोनोग्राफ पुसून आमचं यंत्र काढ, चित्र विकत घेतो. १८९९मध्ये व्यवहार झाला. ५० पौंड चित्राचे, ५० हक्कांचे. तिरप्या उजेडात जुन्या यंत्राची रेघ रंगाखालून अजून जाणवते म्हणतात.

या बदलाने ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, म्हणजे ‘धन्याचा आवाज’, या शीर्षकाचा अर्थ मात्र पार उलटला. फोनोग्राफवर घरबसल्या स्वतःचा आवाज उतरवता यायचा. त्यातून धनी बोलणं शक्य होतं. ग्रामोफोनला ती सोय नाही. तो कारखान्यात छापलेली तबकडी वाजवणार, म्हणजे कर्ण्यातून आता एखादी परकी गायिका गाणार किंवा बँड वाजणार. बॅरॉडने यंत्र बदललं, कुत्र्याच्या चेहऱ्याला हात लावला नाही. धनी कधीच निघून गेला आहे, हे निपरला कुणी सांगितलेलंच नाही. आणि माझ्या मते त्याला तसा दाट संशय आहे.