महागडा चढाईपटू आणि बाकीचे सहा

कबड्डीच्या गप्पांत एक वाद हमखास निघतो. कोटींची बोली लावून आणलेला गडी असूनही संघ हरला, तर दोष कुणाचा? गड्याचा, की त्याच्या मागे उभं न राहणाऱ्या संघाचा? आज आम्ही उदाहरण घेतो ते प्रो कबड्डीतल्या तेलुगू टायटन्सचं. संघ हैदराबादचा, आणि आपल्या नांदेडला हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ.

सिद्धार्थ देसाई हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा गडी. 2018च्या हंगामात यू मुंबाकडून खेळताना त्याने चढाईत दोनशेच्या वर गुण घेतले, आणि संघ बाद फेरीत गेला. 2019मध्ये टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. त्याने पुन्हा दोनशेच्या वर गुण घेतले. संघ मात्र बारांत अकरावा! गडी तोच, गुणही जवळपास तेवढेच. मग बदललं काय? मुंबईत त्याच्यामागे फजल अत्राचलीसारखा पकडीचा कर्णधार होता.

कबड्डीचा नियमच बघा ना. चढाईपटूची पकड झाली की तो बाहेर बसतो. सोबत्याने गडी टिपला किंवा पकड केली, तरच तो जिवंत होऊन आत येतो. बोनस गुणाने कुणी जिवंत होत नाही. म्हणजे इथे आधार ही मेहरबानी नव्हे. चढाईपटूचं मैदानावर असणंच इतरांच्या हातात आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत. कर्ता त्यांतलं फक्त एक. लिलाव मात्र कर्त्याचीच किंमत करतो.

पुढे 2023च्या लिलावात याच संघाने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. खर्चाची मर्यादा होती 5 कोटी. निम्म्याहून अधिक एकट्यावर! त्या हंगामात 22 सामन्यांत विजय दोन, आणि संघ तळाला. आता कुणी म्हणेल, महाग गडी घेणं हेच चुकलं. आम्हाला ते पटत नाही. त्याच हंगामात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख दिले, आणि 1 मार्च 2024 रोजी विजेतेपद पटकावलं, तेही हैदराबादेतच! फरक असा, की पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरं आधीच्या हंगामांपासून जोपासलेली होती. महागडा गडी तयार घरात आला; टायटन्सने गड्यावरच घर उभारायला घेतलं.

तेव्हा आमचं म्हणणं असं: टायटन्सने आपल्या महागड्या गड्यांना पुरेसा आधार दिला नाही. आणि तो आधार एका दिवसाच्या लिलावात मिळणाराही नव्हता. बोली गडी स्वतः ठरवत नाही. म्हणून बोलीच्या आकड्यावरून पराभवाचा हिशेब त्याच्याकडे मागणं अन्यायाचं आहे. हिशेब मागायचा तो संघ बांधणाऱ्यांकडे.

लातूर-नांदेडच्या मैदानांवर सराव करणाऱ्या पोरांनाही आमचं एवढंच सांगणं आहे. चढाईला टाळ्या पडतात, पडू द्या. पण कोपऱ्यात पाय रोवून उभा राहणारा गडीही सामना जिंकून देतो. त्याच्या एका पकडीने बाहेर बसलेला सोबती जिवंत होतो.