‘माझी मैना’ आणि झीलकऱ्यांचा स्वर

क्रांतिकारी चळवळीतील गीतांचा विचार करताना मराठी समीक्षा बहुधा छापील शब्दापाशीच थांबते. आशय वेगळा काढावयाचा आणि ‘प्रचारकी’ असा शेरा मारून मोकळे व्हावयाचे, ही पद्धती अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीस लावल्यास तिचे मर्म हाती लागत नाही.

१९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. सत्यशोधक व आंबेडकरी जलशांची परंपरा त्यामागे होतीच. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी सभा गाजविल्या. ‘माझी मैना’ ही त्याच लढ्यातील रचना होय.

मराठीत ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि त्यास सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. समूहगीताने ‘आपण’ची कास धरावी, ही अपेक्षा स्वाभाविक. या छक्कडीचा आरंभ मात्र एकवचनी ‘माझी’ने होतो. गावी पत्नीस ठेवून मुंबईस आलेल्या एका कामकऱ्याची ही विरहव्यथा आहे. पुढे तिची सांगड खंडित महाराष्ट्राशी घातली जाते. केवळ संहिता वाचणाऱ्यास हा सांधा ओढूनताणून आणलेला वाटण्याचा संभव आहे.

वस्तुतः तो सांधा झीलकरी आधीच जुळवून ठेवतात. शाहीर कडवे म्हणतो आणि झीलकरी पालुपद उचलतात. अनेक कंठांतून ‘माझी’ उमटू लागले की शब्द एकवचनी राहतो, पण त्याचा धनी समूह होतो. गाव सोडून आलेल्या श्रोत्यास दुसऱ्याचे दुःख ऐकावे लागत नाही. तो स्वतःचेच दुःख इतरांच्या मुखी ऐकतो. यास्तव व्यक्तीच्या विरहातून प्रांताच्या विरहाकडे जाणे त्यास उपरे वाटत नाही.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. झील एकी देते, विवेक देत नाही. कोणताही पक्ष तिचा वापर करू शकतो. ‘माझी मैना’चे श्रेष्ठत्व तिने व्यक्तीचे दुःख समूहात बुडू दिले नाही, यात आहे. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले. बेळगाव व कारवार बाहेरच राहिले. छक्कडीतील विरह तेवढ्यापुरता अपुराच राहिला. अशा गीताचा अभ्यास करणाऱ्याने संहितेबरोबर झीलही ऐकली पाहिजे.