ख्रिस्तपुराण : पाठ आणि पारायण

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा विषय निघाला कीं मराठीच्या स्तुतीच्या त्या ठराविक ओव्या म्हणून दाखवावयाच्या आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ पुनः फडताळांत ठेवावयाचा, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. त्या ओव्या गोड आहेत, हें कोण नाकारील? परंतु ज्या ग्रंथानें संकटांत सांपडलेल्या लोकांस आधार दिला, त्याचें मोल स्तुतिपाठावरून ठरवणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

ग्रंथकार इंग्रज, जेज्वीत संघाचे. 1579 सालीं ते गोव्यास आले आणि 1619 सालीं तेथेंच निवर्तले. पुराण 1616 सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. नागरी खिळे मिळावे अशी त्यांची इच्छा 1608 च्या पत्रांत दिसते, पण ती फळास आली नाहीं. पुढें 1649 व 1654 सालीं आवृत्त्या निघाल्या. या तिहींपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. सालढाणा यांनीं 1907 सालीं मंगळूर येथें जी आवृत्ति काढिली, ती हस्तलिखितांच्या आधारें. शांताराम बंडेलू यांनीं 1956 सालीं नागरी आवृत्ति देऊन मराठी वाचकावर उपकारच केले.

ग्रंथाचे भाग दोन. पहिल्या पुराणाचे अवस्वरु 36, दुसऱ्याचे 59. पहिलें पुराण उपदेशाच्या भारानें जागोजाग वांकलें आहे. तें सलग वाचतांना आमचेंही अवधान ढळलें, हें कबूल केलें पाहिजे. कवीची खरी शक्ति दुसऱ्या पुराणांत, विशेषेंकरून येशूच्या अंतकाळाच्या कथेंत आहे. आमच्या पुराणांत भक्त धांवा करितो आणि देव धांवून येतो. गजेंद्राचा पाय नक्राच्या मुखांतून सुटतो. येथें रात्रीं बागेंत प्रार्थना होते, शिष्य झोंपी गेलेले असतात, आणि दुःखाचा प्याला टळत नाहीं. साहित्यशास्त्री यास करुण म्हणतील. आमच्या मतें हा निव्वळ करुण नव्हे. धृति हा शास्त्रांत व्यभिचारिभाव सांगितला आहे, पण या प्रसंगीं तो स्थायीच्या पदवीस पोंचतो. श्रोत्यास सुटकेचें वचन न देतां सोसण्याचें बळ देणें, हें कथेकऱ्याचें अवघड काम येथें साधलें आहे.

याची कसोटी कागदावर झाली नाहीं. 1784 सालीं टिपूनें कानडा प्रांतांतील हजारों ख्रिस्ती लोकांस घरांदारांतून काढून श्रीरंगपट्टणास नेलें. 1799 सालीं टिपू पडेपर्यंत ते बंदींत होते. पाद्री प्रांताबाहेर घालविलेले, देवळें मोडलेलीं. त्या काळांत या पुराणानें लोकांची श्रद्धा टिकविली, अशी मंगळूरकडील परंपरा आहे. यांत एक विसंगति आहे, तीही येथें नोंदविली पाहिजे. जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य केलींत, तर दुसरें कांहीं द्या, अशी एका ब्राह्मणाची मागणी ग्रंथारंभींच आली आहे. म्हणजे ज्या लोकांच्या हातून पोथ्या काढून घेतल्या, त्यांच्याकरितां हा ग्रंथ झाला, आणि पुढें बंदिवासांत त्यांच्या भाईबंदांस तोच पुरला. सासष्टींतील मोडलेल्या देवळांचें दुःख आणि श्रीरंगपट्टणच्या वाटेवरील दुःख हीं दोन्हीं एकाच तागडींत तोलूं नयेत. पण एकाची आठवण राखून दुसरें झांकावें, हेंही इतिहासकारास शोभत नाहीं.

आतां पाठाविषयीं. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील नागरी पोथी ॲबट यांनीं उजेडांत आणिली आणि तीच मूळ होय असें प्रतिपादिलें; ड्रागो यांनीं 1996 सालीं ती संपादून छापली. सालढाणांच्या पाठांत जेथें लातिन-पोर्तुगीज शब्द आहेत, तेथें या पोथींत बहुधा संस्कृत शब्द येतात. संस्कृत शिकवण्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांसारख्यास ही पोथी मूळ ठरावी असा मोह होतो, आणि म्हणूनच आम्ही तिच्याविषयीं सावध आहों. शब्द शुद्ध म्हणून तो जुना, हा न्याय नव्हे. ओवीचें वृत्त सैल, तेव्हां मात्रागणनेनें निर्णय होणार नाहीं. पण यमकानें पुष्कळ होईल. यमकस्थानीं शब्द बदलला कीं शेजारचा चरणही बदलावा लागतो, आणि तेथें दुरुस्तीचा सांधा दिसतो. असे सांधे दोन्हीं पाठांत ओवीवार टिपल्याखेरीज कोणत्याही पक्षास मूळाचा मान देऊं नये.

या कामास घरोघरच्या प्रती हव्यात. गोवा, कारवार, मंगळूर येथील जुन्या घरांत रोमन लिपींतील सुटीं पानें आढळलीं, तर संग्राहकांनीं तीं अशुद्ध म्हणून टाकूं नयेत. समासांत जन्ममृत्यूच्या नोंदी असल्या तर त्यांची नक्कल ओव्यांबरोबरच करावी, आणि मेणाचे डाग पडलेलें पान कोणत्या प्रसंगाचें आहे, तेंही लिहून ठेवावें.