मोबाईल ॲपमधील बिटमॅप चित्रांकन आणि मराठी मजकूर : एक चिकित्सा

प्रस्तावना :
मोबाईल ॲपच्या प्रात्यक्षिकांत बिटमॅप तयार करून त्यावर रेखाटन करणे हा घटक बहुधा केवळ तांत्रिक कौशल्य म्हणून शिकविला जातो. बिटमॅप म्हणजे आडव्या-उभ्या पिक्सेलचे कोष्टक होय. प्रत्येक पिक्सेलचा रंग त्यात अंकरूपाने साठविलेला असतो. छायाचित्र वा आलेख यांसाठी हे रूप योग्यच आहे. तथापि मराठी मजकूरही चित्ररूपात दाखविण्याची जी प्रथा पडली, तिची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथेचा उगम :
विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी रचलेला 'मंगल' हा टंक आला व संगणकावर युनिकोड देवनागरीची सोय झाली. मोबाईल मात्र मागे राहिला. आरंभीच्या अनेक संचांत देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत किंवा जोडाक्षरे सुटी पडत. २०१० च्या सुमारास ऑपेरा मिनी या ब्राउझरमधील एक पर्याय निवडल्यास असा मजकूर चित्ररूपाने येई. डेटा अधिक खर्च होई. पण मराठी वाचता येई. त्या काळी हा उपाय उपकारकच होता. अडचण सरल्यावरही तो सवय म्हणून टिकून राहणे, हा खरा आक्षेपाचा मुद्दा आहे.

तांत्रिक विवेचन :
अँड्रॉइडमध्ये रुंदी, उंची व रंगरचना देऊन बिटमॅप निर्माण केला जातो; तो कॅनव्हासला जोडून त्यावर रेषा, आकृती वा अक्षरे रेखाटली जातात. 'एआरजीबी ८८८८' या रंगरचनेत प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. वर्धा जिल्ह्यातील 'तळेगाव (श्यामजी पंत)' हे गावाचे नाव उदाहरणादाखल घेऊ. मजकूर म्हणून यात २० युनिकोड चिन्हे असून यूटीएफ-८ पद्धतीत ती ५२ बाइटांत मावतात. हेच नाव ७२० × १२० पिक्सेलच्या बिटमॅपवर रेखाटल्यास ३,४५,६०० बाइट स्मृती व्यापली जाते. फाइल संपीडित असली तरी पडद्यावर दाखविताना चित्र पुन्हा पूर्ण आकारात उलगडावे लागते.

दुसरी बाब रेखाटनाच्या रीतीची. 'श्या' हे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर, परंतु संगणकाच्या दृष्टीने श, हलन्त, य व काना अशी चार चिन्हे आहेत. इंग्रजीच्या धर्तीवर एकेक चिन्ह सुटे रेखाटल्यास जोडाक्षर मोडते. संपूर्ण शब्द एकत्र दिल्यास ते नीट जुळते.

अर्थाची हानी :
स्मृतीपेक्षा मोठी हानी भाषेची आहे. चित्रातील गावाचे नाव ॲपच्या शोधात सापडत नाही. मंददृष्टी वाचकाने मोबाईलमध्ये अक्षरांचा आकार वाढविला, तरी ते वाढत नाही. टॉकबॅकच्या आधारे मोबाईल वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्यासमोर ते मुके ठरते. चित्रातील अक्षरे ओळखण्याच्या सोयी आज आहेत हे खरे. परंतु ओळख हा शेवटी अंदाजच असतो.

यावर असे म्हटले जाईल, की पडद्यावर अखेर सारे पिक्सेलच होते. हे मान्य आहे. प्रश्न ते केव्हा होते हा आहे. मजकूर शेवटच्या क्षणापर्यंत मजकूर राहिला, तर त्याचे सर्व उपयोग शाबूत राहतात. टंकाची शाश्वती हवी असल्यास 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांसारखे खुल्या परवान्याचे टंक ॲपसोबत देता येतात.

निष्कर्ष :
प्रमाणपत्र वा शुभेच्छापत्र यांसाठी बिटमॅप आवश्यक असेल, तेथे त्याच्या जोडीला वाचनयोग्य वर्णन द्यावे. अन्यत्र मराठी मजकुराला चित्र करू नये. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचे नाव दोन्ही रीतींनी दाखवावे आणि स्मृती, शोध व वाचन या तीन कसोट्यांवर तपासावे. मराठी केवळ दिसणे आणि मराठी उपयोगात येणे यांतील अंतर त्यांना त्यातून उमगेल.