ताळा आणि ताल

आमच्या नात्यात कुणी काही जगावेगळं करायला निघालं, की त्याची फाईल फिरत फिरत माझ्या टेबलावर येते. मी बी. कॉम. आहे, बँकेत आहे आणि गेल्या वीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये फरक आलेला नाही, एवढ्या तीन पुराव्यांवर नातेवाईक माझ्या हाती माणसांचं भवितव्य सोपवतात. गेल्या महिन्यात ताईचा फोन आला तो असाच.

"अरे, शनिवारी त्याच्या त्या कार्यक्रमाला जाऊन ये," ताई म्हणाली. 'तो' म्हणजे माझा भाचा. "नीट बघ आणि मला सांग, ह्यात काही अर्थ आहे का. नसला तर तिथल्या तिथेच त्याला सांग, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला अजून आठ दिवस आहेत."

भाचाही बी. कॉम.च आहे. पण तो गेली दोन वर्षं हलगी वाजवतो. तबला वाजवला असता तर ताईची एवढी हरकत नव्हती. आपल्या घरांतून तबल्याला गादी असते, गवसणी असते, परीक्षा असतात आणि मुख्य म्हणजे प्रमाणपत्र असतं. मी स्वतः प्रवेशिका पूर्णपर्यंत तबला शिकलो. नोकरी लागली आणि तबला-डग्गा माळ्यावर गेले, ते तिथे सुखात आहेत. हलगीचं तसं नाही. तबल्याला आपण बैठक दिली, हलगीला रस्ता दिला. तिच्याशिवाय गावची कुस्ती रंगत नाही, मिरवणूक हलत नाही. पण ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वाजवली, त्यांना त्याच गावाने वेशीच्या आत घर बांधू दिलं नाही. ताई एवढ्या खोलात गेली नव्हती. तिचा प्रश्न सोपा होता. "उद्या लग्न ठरवताना मुलगा काय करतो म्हणून सांगायचं?"

तेव्हा मी सौ.ला घेऊन तपासणीला गेलो.

कार्यक्रम म्हणजे एका नव्या नृत्याचा पहिला प्रयोग. कथक नव्हे, भरतनाट्यम नव्हे, लावणी तर नव्हेच. 'समकालीन नृत्य'. संगीत खास ह्या नृत्यासाठी रचलेलं, आणि सगळं तालवाद्यांचं. पेटी नाही, सनई नाही, तंबोरासुद्धा नाही. संबळ, पखवाज, हलगी, घटम आणि एक रिकामं तेलाचं पिंप. वाजवणारे पाच जण रंगमंचावरच उजव्या अंगाला बसणार.

प्रयोगाआधी भाच्याने आम्हांला आत नेलं. एक गृहस्थ पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत होते. दर वेळी ताजी कणीक लावल्याशिवाय पखवाजाला तो खर्जातला आवाज येत नाही. आमचा भाचा एका कोपऱ्यात हलगीला केस वाळवायच्या यंत्राने गरम वारा घालत होता. हलगी शेकल्याशिवाय तिचं कातडं ताणत नाही. आणि नाट्यगृहात जाळ करायला बंदी. "सहा महिन्यांच्या बाळाचं अंग शेकावं तसं शेकतोय हो," सौ. माझ्या कानात म्हणाली. ह्यावरून ती कोणाच्या बाजूची आहे ते मला कळलं.

"मामा, तू त्यात गोष्ट शोधत बसू नकोस हं," भाच्याने मला बजावलं आणि शेकता शेकता माझी शिकवणीच घेतली. जॉन केज म्हणून एक अमेरिकन संगीतकार होता. १९४० साली सिॲटलला सिव्हिला फोर्ट नावाच्या नर्तिकेच्या नृत्यासाठी त्याला संगीत करायचं होतं. त्याच्या डोक्यात सगळी तालवाद्यं होती, पण त्या रंगमंचावर ती मावणार कुठे? जागा फक्त एका पियानोपुरती. तेव्हा ह्या पठ्ठ्याने पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट असलं सामान खुपसलं आणि एका पियानोचा अख्खा ताशा-संच करून टाकला! मुंबईत वन-रूम किचनमध्ये संसार केलेल्या माणसाला ह्यात नवल वाटायचं कारण नाही. मला तर केजबद्दल एकदम आपुलकी वाटली.

पुढे ह्याच केजने आणि मर्स कनिंगहॅम ह्या नर्तकाने ठरवलं, की नाच आणि संगीत एका जागी, एका वेळी व्हावेत, एवढंच पुरे. एकाने दुसऱ्याच्या मागे चालायचं नाही. कनिंगहॅमच्या नर्तकांना पुष्कळदा संगीत प्रथम ऐकू यायचं ते थेट पहिल्या प्रयोगाच्या दिवशी.

"म्हणजे आपल्या जुन्या लग्नांसारखं," मी म्हणालो. "अंतरपाट दूर झाल्याशिवाय भेट नाही."

"हो. पण आमचं तसं नाही," भाचा म्हणाला. "आमचा प्रेमविवाह आहे. रोज भांडणं झाल्येत."

जागेवर येऊन बसलो. हातात एक चोपडं दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, की प्रस्तुत आविष्कार म्हणजे देह, अवकाश आणि शांतता ह्यांच्यातला अखंड संवाद आहे. कर्जाच्या करारपत्रावर गिऱ्हाईक जसं न वाचता सही करतं, तसं मी ते मान्य करून खिशात ठेवलं. शेवटच्या ओळीत मात्र खरोखर गंभीर मजकूर होता: 'मध्यंतर नाही'. मराठी माणसाला नाटक आवडो न आवडो, बटाटावड्यापर्यंत तो तग धरतो. इथे तोही आधार नव्हता. पखवाजाची कणीक आठवून मी आवंढा गिळला.

तिसरी घंटा झाली. अंधार. निळा प्रकाश. सात नर्तक जमिनीवर पडलेले. पिंपावर कुणीतरी एकच काडी मारत होतं. टक्. बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. सात जण हलेनात. मी घड्याळ पाहिलं. नर्तक उठायला अकरा मिनिटं लागली. उठले ते पुन्हा लोळायला. आता तपासणीस म्हणून स्पष्ट लिहितो: ही पहिली पंधरा मिनिटं पाचांत बसली असती. देह आणि अवकाश ह्यांचा संवाद समजण्यासारखा होता, पण दोघंही एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. पिंपाचंही तेच. पिंप वाजवलं की यंत्रयुग आणि निळा प्रकाश टाकला की एकाकीपणा, हे हिशेब आता फार जुने झालेत. शेजारचे गृहस्थ तर घोरू लागले होते, आणि तेही तालात नव्हतं.

मग संबळ सुरू झाला. गोंधळाला वाजतो तोच संबळ, पण देवीविना, दिवटीविना, नुसता उघडा. सात मात्रांचा बोल. आणि नर्तकांची पावलं पडत होती चार-चार मात्रांनी. प्रथम मला वाटलं, चुकले बिचारे. पहिला प्रयोग, व्हायचंच. पण चूक असती तर वाजवणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असतं. कॅश चुकली की कॅशियर आधी डावीकडे बघतो, हा माझा अनुभव आहे. इथे कुणी बघेना. मी नकळत बोटांच्या पेरांवर मोजू लागलो. अठ्ठावीस मात्रा संपल्या आणि पुढच्या मात्रेवर संबळ आणि चौदा पावलं एकदम पडली. धाड! शेजारचे गृहस्थ जागे झाले.

चार आणि सात ह्यांचा लसावि अठ्ठावीस! शाळा सोडल्यापासून लसावि माझ्या काही उपयोगी पडला नव्हता. तो इथे अंधारात एकदम भेटला.

अशा दोन-तीन भेटी झाल्या. अन् त्यातल्या एकीवर आमच्या भाच्याची हलगी घुसली. कडक, कोरडी, पाच मात्रांची. आता पावलं चारांत, हलगी पाचांत, संबळ सातांत. तिघं तीन दिशांना निघाले. चार, पाच, सात: लसावि एकशे चाळीस. मी खुर्चीच्या कडेला सरकलो. मला नाच दिसत होता की आकडे, हे आता सांगता येणार नाही. साठ झाले, ऐंशी झाले. तिघं कधी इतके जवळ येत की वाटावं आता जुळले, आणि पुन्हा फाकत. शंभर. माझे पाय हलायला लागले होते. एकशे वीस. सौ.ने माझा हात धरला. एकशे चाळीस संपले, आणि पुढच्या मात्रेवर, जिथे छत उडायला हवं होतं, तिथे कुणी वाजवलंच नाही. संबळ नाही, हलगी नाही, पाऊल नाही. सगळे जिथल्या तिथे थांबले. आणि त्या शांततेत ती सम सबंध नाट्यगृहाने आपापल्या छातीत दिली.

रूपक तालात सम खालीवर असते, म्हणजे जिथे टाळी पडावी तिथे हात मोकळा दाखवतात. प्रवेशिकेच्या परीक्षेत हे मी धडाधड पाठ म्हणून दाखवलं होतं आणि गुण मिळवले होते. त्याचा अर्थ काय, ते त्या क्षणी मला कळलं.

त्यानंतर तालवाद्यं बराच वेळ गप्पच राहिली आणि सात जण नुसत्या पावलांच्या आवाजावर नाचले. तेच मला सगळ्यांत चांगलं वाटलं. शेवटी पणत्या वगैरे आणून आशेचा किरण दाखवला तो नसता दाखवला तरी चाललं असतं. एकशे चाळिसाव्या मात्रेनंतर प्रेक्षकाला आशा विकत आणून द्यायची गरज नव्हती.

घरी येताना सौ. म्हणाली, "मागची तिसरी मुलगी बघितलीत? उंचशी? बाकी सगळ्या मनात मोजत होत्या. तोंडावर दिसत होतं. तिचं मोजून संपलं होतं."

एवढ्या एका वाक्यात तिने जे सांगितलं, ते सांगायला मी इथे पानं खर्ची घालतोय. मोजायचं असतंच. १९१३ साली पॅरिसला स्ट्राव्हिन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला, की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. तेव्हा नृत्य बसवणारा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर चढून ओरडून ओरडून मात्रा मोजत होता. पण मोजणं म्हणजे नाच नव्हे. ते त्याचं तारण आहे. तारण भक्कम लागतं. म्हणून कुणी तारणावर राहत नाही.

रात्री ताईचा फोन. "काय रे? आहे का काही अर्थ?"

मी तिला अस्ताद देबूंची गोष्ट सांगितली. लहानपणी कथक शिकले, पुढे मुंबईत कॉमर्स शिकले आणि १९६९ साली ताळेबंद सोडून मिळेल त्या वाहनाने युरोपात गेले. परत येऊन कथकली शिकले आणि मग कुठल्याच खात्यात न बसणारं नृत्य आयुष्यभर केलं. मणिपूरचे वादक गळ्यात पुंग अडकवून, वाजवता वाजवता हवेत गिरकी घेतात. त्यांना बरोबर घेऊन ते नाचले. कोलकात्याच्या, चेन्नईच्या कर्णबधिर मुलांना घेऊन त्यांनी नृत्यं बसवली. ढोल कानांनी ऐकू न येणारी मुलं ती, मात्रा अंगात मोजून नाचली. २०२० साली ते गेले.

"त्यांना काही मिळालं का पण?" ताईने विचारलं.

"१९९५ला संगीत नाटक अकादमी, २००७ला पद्मश्री."

पलीकडे जरा शांतता झाली. प्रमाणपत्र म्हटलं की आपल्या घरात शांतता होते. पण मला माझंच बरं वाटेना. सगळ्यांना पद्मश्री मिळत नाही. शंभरातल्या नव्याण्णवांना पिंप मिळतं. आमच्या भाच्याला ह्या प्रयोगाचे जे पैसे मिळाले, त्यांत त्याचं महिन्याचं रेल्वेचं तिकीट आणि चहा निघाला. हा आकडा मी ताईपासून लपवला नाही. कॅशमध्ये लपवालपवी मला जमत नाही.

"मग त्याच्या बाबांना काय सांगू?"

निघताना भाच्याने मला त्याची वही दाखवली होती. वही कसली, आमच्या बँकेची डायरी! दर नव्या वर्षी मी नात्यात वाटतो त्यांतली. बहुतेकांकडे तिच्यात दूधवाल्याचे खाडे असतात. ह्याने जानेवारीपासून मेपर्यंत रकाने आखून एकेक मात्रा लिहिली होती. चार, पाच, सात. प्रत्येक पानाखाली बेरीज, शेजारी ताळा. आणि मेच्या एका पानावर, एकशे चाळिसाच्या पुढच्या घरात, काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या रिकाम्या घराभोवती मात्र लाल शाईने चौकोन काढला होता.

"सांग," मी म्हणालो, "मुलगा मोजायला चुकत नाही. फॉर्म भरायचा तर भरू दे, पास होईल. पण कुठे वाजवायचं नाही, हेही त्याला कळतं. तसा माणूस मी बँकेत वीस वर्षांत पाहिला नाही."

ताईने फोन ठेवला. पलीकडून मला निवाडा कळला नाही. मी टेबल घेतलं, त्यावर स्टूल ठेवलं आणि माळ्यावर हात घातला.

"ह्या वेळी?" सौ. म्हणाली.

"शाई तडकली का एवढंच बघतोय," मी म्हणालो.

तडकली होती. पण डगग्याचा आवाज अजून बरा येतो.