पारख पद्धतीची की हाताची?

स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठ काढताना लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडाही काढावा लागतो. मग उरलेले सारे पुन्हा आतड्याला जोडायचे. अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ साली वर्णन केलेली ही शस्त्रक्रिया आता काही ठिकाणी पोट न उघडता, छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने करतात. ती सरस आहे का?

कोईमतूरच्या ६४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. रुग्णालयातला मुक्काम दुर्बिणीच्या गटात ७ दिवस, दुसऱ्यात १३. आकडे मोहक खरे, पण रुग्णालय एकच आणि हात या कामात मुरलेले! प्रयोगात बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवा, असे आपण वर्गात सांगतो. इथे हात सारखे कसे ठेवायचे?

नेदरलँड्समधील चार रुग्णालयांची चाचणी ९९ शस्त्रक्रियांनंतर थांबवावी लागली. २०१९ साली प्रसिद्ध झालेले तिचे आकडे असे: ९० दिवसांत गुंतागुंतीमुळे दगावलेले रुग्ण दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५, दुसऱ्यात ४९ पैकी १. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा योगायोगही असू शकतो. तरी थांबले ते योग्यच, असे मला वाटते. कारण सावरायलाही दुर्बिणीच्या गटाला १० दिवस लागले, दुसऱ्याला ८. मग धोका पत्करायचा कशासाठी?

चीनमधील १४ रुग्णालयांच्या २०२१ सालच्या चाचणीत मृत्यूंचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, मुक्काम १५ आणि १६ दिवस. तिथे प्रत्येक शल्यचिकित्सकाने दुर्बिणीने अशा किमान १०४ शस्त्रक्रिया आधीच केलेल्या होत्या. त्या १०४ रुग्णांची गणती या तुलनेत नाही.